यादीत एक खिळा

एकोणतीस वर्षं मी शारजात स्टोअरकीपर,
इंडस्ट्रियल एरिया दहा, लोखंडी दरवाजांची कंपनी.
बिजागऱ्या मोजल्या, बोल्ट मोजले, वायसर किलोवर.
निघताना त्यांनी मला मोजलं.
बेसिकवर, भत्ते सोडून,
आणि कायदा म्हणतो, दोन वर्षांच्या पगारावर एक दिरहमही नाही.
एक लाख आठ हजार.
अकाउंट्समधला सामेह म्हणाला, मबरूक, हाजी.
मी हाजी नाही.
इकडे वय झालेल्या कुणालाही म्हणतात.

रेहाना फोनवर म्हणाली, बँकेत टाका,
म्हसळ्याच्या नाक्यावरच्या.
मग दोघंही गप्प.
व्याजाच्या पैशाची साखर अब्बांनी कधी चहात पडू दिली नाही,
तिलाही ठाऊक, मलाही.
भाडं चालतं.
भाड्यात निदान कुणीतरी राहतं.

म्हणून अजमान. स्टुडिओ, सातवा मजला,
एक लाख पासष्ट.
कमी पडले त्यात भिशी गेली,
रेहानाच्या चार पाटल्या गेल्या,
आणि कपाटातलं ते हिरवं पाकीट,
ज्यावर तिनं स्वतःच्या अक्षरात ‘हज’ लिहिलं होतं.
पाटल्यांचं तिला विचारलं होतं.

खिडकीतून समुद्र दिसतो, एजंट हैथम म्हणाला.
दिसतो.
दोन टॉवरांच्या फटीत, दरवाजा नीट न लागल्यासारखा.

कागद हातात आले त्याच आठवड्यात व्हिसा रद्द.
घराला व्हिसा लागत नाही.
ते इथंच राहणार, मी जाणार.
हैथमला बोलून दाखवलं तर म्हणाला,
हाजी, माझे निम्मे मालक असेच आहेत,
आणि लिफ्टच्या आरशात टाय सारखा केला.

रोल्याच्या खोलीत आम्ही सहा जण होतो.
मालकाचा माणूस पाच तारखेला यायचा,
भाडं मोजायच्या आधी भिंती बघायचा.
खिळा ठोकायचा नाही.
शर्ट पलंगाच्या दांडीला, टॉवेल पायथ्याशी,
नमाजची टोपी उशीखाली.
दिवसभर माझ्या ताब्यात खिळ्यांच्या चाळीस पेट्या,
रात्री एक नाही.

चावी मिळाली ती रात्र मी तिथंच काढली,
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून.
आधी खाली जाऊन काँक्रीटचा खिळा विकत आणला.
एक देत नव्हता, पाकीट घ्या म्हणाला. घेतलं.
वॉचमनकडून हातोडी.
तीन वाकले, चौथा बसला.
शर्ट अडकवला आणि दिवा चालूच ठेवून पडलो.
माझ्या घरातली माझी तेवढीच एक रात्र,
त्यातली अर्धी शर्टाकडे बघण्यात गेली.

सकाळी भाडेकरू आला, शिजू, त्रिशूरचा,
लॅबमध्ये रक्त तपासतो.
बायकोला सातवा महिना, ती भिंतीला टेकून उभी.
चार चेक, वर्षाचे अठरा हजार.
हैथमनं करार वाचला. कलम नऊ:
भिंतीला खिळे ठोकू नयेत.
शिजूनं माझ्याकडे बघितलं.
मी मान हलवली.
कुणाची ती मान, मला लगेच कळलं,
पण तोवर सही झाली होती.

मग सामानाची यादी.
एसी एक, गीझर एक, पडद्याचा रॉड एक.
म्हटलं, लिही, खिळा एक.
हैथमला वाटलं, डिपॉझिटसाठी.
लिहिलं त्यानं, इंग्रजीतही आणि अरबीतही.

आता म्हसळ्यात.
रेहाना विचारते, हजचे फॉर्म कधी निघतात हो?
मी म्हणतो, बघू, तिसरा चेक वटू दे.
कसला चेक आणि कसलं हज, तिनं अजून जोडलेलं नाही.
किंवा जोडलंय.
ती हिशेबाला माझ्यापेक्षा पक्की आहे.

काल शिजूचा फोटो आला.
एसी गळतोय अंकल, चारशे दिरहम मागतात.
भिंतीवर ओघळ, खाली बादली,
बाळाचं काही दिसत नाही.
कोपऱ्यात माझा खिळा.
बोटांनी मोठं करून बघितलं.
छत्री अडकवली आहे.

अजमानमध्ये, छत्री.
चारशे देऊन टाक, मी लिहिलं.