शीत कुठलं

पाइप जमिनीतून वर येतो तिथे आम्ही तिघे,
मनमाडच्या बाहेर, हडबीच्या शेंडीकडे पाठ करून.
नकाशावर लाल फुली:
गेटाजवळ, सावलीत, जीप वळायला जागा.
पगार साहेब म्हणाले, सॅम्पलर इथेच बसवा,
केबल कमी लागेल.

मेहमूदभाई काही बोलले नाहीत.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाइपला टेकवून
मुठीला कान लावला.
मालेगावात त्यांचा बाप मागावर बसायचा,
धागा तुटायच्या आधीच त्याला ऐकू यायचं म्हणे.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"झोपलंय."

आडवा पाइप. रात्री पंप मंदावला
की पाणी तळाशी बसतं,
वरून डिझेल गुळगुळीत निघून जातं.
मधोमध तोंड उघडून बसलेल्या नळीला
कळतसुद्धा नाही पायाखालून कोण गेलं.
ठरल्या मापाने एकेक थेंब डब्यात,
दहा हजार थेंब, सगळे स्वच्छ.
खोटे नव्हेत.
एकाच माणसाची साक्ष, दहा हजार वेळा.

आजोबा लासलगावला मापाडी होते.
भाव ठरवणं त्यांचं काम नव्हतं,
तरी हात शिवशिवायचा.
ट्रॉलीवरचा वरचा कांदा त्यांनी कधी उचलला नाही,
खांद्यापर्यंत हात आत खुपसायचे
आणि काढायचे ते ओलं, काळं, कोंब फुटलेलं.
शितावरून भाताची परीक्षा, मी शाळेतून शिकून आले
तर म्हणाले, शीत कुठलं?
वरचं, की बुडाशी करपलेलं?
आधी ढवळलंस का?

तीन दिवस लाइनीच्या कडेने चाललो.
बंद पडलेल्या फाट्यात
मागच्या खेपेचं शिळं तेल मुक्कामाला.
व्हॉल्व्हपाशी नको, अर्धा उघडा राहिला तर भलतंच.
मीटरजवळ पाइप बरा वाटला,
भाईंनी नुसती मान हलवली.
शेवटी पंपाच्या पुढे,
जिथे तो दोन कोपरे खाऊन
सरळ उभा वर चढतो.
ऊन. बाभळीचे काटे. सापाची कात.
केबल एकशे चाळीस मीटर जास्त.

भाईंनी कान लावला.
"हे जागं आहे."

साहेबांना कान पुरत नाही,
म्हणून दोन्हीकडे तात्पुरत्या नळ्या बसवल्या,
वरच्या अंगाने मोजून पाणी सोडलं
आणि बसून राहिलो.
शंभर लिटरांपैकी
लाल फुलीवरची नळी म्हणाली, एकतीस.
उभ्या पाइपातली म्हणाली, अठ्ठ्याण्णव.
साहेबांनी कागद दोनदा वाचला,
चहा सांगितला,
केबलच्या मागणीवर सही केली.
उरलेले दोन लिटर कुठे गेले,
एवढं मात्र विचारलं.
ते मलाही माहीत नाही.

आई सातपूरला असते, तिसऱ्या मजल्यावर.
रोज रात्री नऊला मी विचारते, कशी आहेस,
ती म्हणते, बरी आहे.
चार वर्षं. एकही थेंब गढूळ नाही.

रविवारी न कळवता गेले.
दुपारची वेळ, हातात भाजीची पिशवी,
ती जिना चढत होती.
दुसऱ्या वळणावर कठडा धरून थांबली.
मी खालीच उभी राहिले,
हाक न मारता,
तिचा श्वास ऐकत.