भट्टीतून चांगलं निघालं तर

सतरा हजार चारशे दोन ओळी.
एक ओळ म्हणजे एका कंपनीचं एक वर्ष.
मी विचारते आहे एवढंच
की नवा साहेब खुर्चीत बसल्या बसल्या
जुन्याने विकत घेतलेली ख्याती
ताळेबंदातून का पुसतो.

ख्याती म्हणजे गुडविल. मिरजेला, बारावीच्या वर्गात
घाटपांडे बाई सांगायच्या :
दिसत नाही, हात लावता येत नाही,
तरी मालमत्तेच्या बाजूला लिहायची असते.
मागच्या बाकावर आम्ही उगाच हसायचो.

एकशे अकरा कंपन्या मध्येच थांबतात.
पुढच्या वर्षाचा रकाना कोरा.
वगळ, प्रोफेसर ऑल्डरसन म्हणाले, डेटा अपुरा आहे.
वगळल्या.
एका ओळीची आज्ञा, एक एंटर,
चहा निवायच्या आत.

स्टोकमध्ये, लाँगटनच्या चढावर
माझी खोली आहे डोरीन टनिक्लिफच्या घरात.
खिडकीतून एक भट्टी दिसते, बाटलीसारखी, मानेशी झाडं उगवलेली.
दिवसभर काय करतेस, तिने विचारलं,
ओटकेकवर चीज किसता किसता.
मी सांगितलं, आणि सांगता सांगता एक नाव आलं :
हॅमर्सली अँड डेल, चिनी माती, बंद.
किसणी थांबली.
तिथे तेवीस वर्षं मी सोनेरी काठ ओढले, पोरी.

मग तिने कपाटातला कप उपडा केला.
तळाशी एक टिंब, एक आकडा.
आकडा म्हणजे गळासारखा वळलेला, संख्येतला नाही;
संख्या त्यावरून काढायचे, शुक्रवारी,
कुणाचे किती डझन.
आणि त्याच्याही आधी, तिची आई कामाला लागली तेव्हा,
भट्टीतून चांगलं निघालं तरच मजुरी.
आत तडकलं ते तुमचं.
कसं तडकलं, कुणी आच वाढवली, कुणी विचारायचं नाही.

मी घास तसाच धरून बसले.
हे मला ठाऊक होतं. प्रकरण तीन,
नमुन्याची निवड, दुसरा परिच्छेद.

रात्री एकशे अकरांना परत घेतलं,
त्यांच्या शेवटच्या, घाईत छापलेल्या अहवालांसकट.
एकात कामगारांचे आभार होते, अर्धं वाक्य,
पेन्शन निधीतल्या तुटीच्या टीपेवर टेकलेलं.
संगणक पहाटेपर्यंत घरघरत होता.
तक्ता चार : शून्य पूर्णांक शून्य एकतीसचे
झाले शून्य पूर्णांक शून्य बावीस,
आणि तीन चांदण्यांतली एक गळाली.

ऑल्डरसन वाईट माणूस नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहत राहिले.
मग समासात पेन्सिलीने लिहिलं : तळटीपेत टाक.

तळटीप तेवीस. अक्षर आठ पॉइंट.
'खंडित कंपन्यांचा समावेश केल्यास परिणाम क्षीण होतो.'
डोरीनला वाचून दाखवली, मराठीत आधी, स्वतःसाठी,
मग तिच्या भाषेत.
क्षीण, ती म्हणाली. हं.
आणि बिनं बाहेर ठेवायला गेली, मंगळवार होता.

लीड्सच्या परिषदेत मधल्या सुट्टीत
मी भरलेला कप वर धरून खालून पाहत होते.
सांडेल, शेजारचे गृहस्थ म्हणाले.
तळाला काही नव्हतं, नुसता पांढरा.
सांडला थोडा,
तक्ता चारवर.