रोल नंबर अडतीस

सर, तुमचे ते फॉर्म मी वाटले. वीस प्रश्न, पुढं चौकोन:
गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं,
कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, रोज.
मी केमिस्ट्री लॅबचा शिपाई. गोळा केले, सुतळीनं बांधले.
बांधताना वरचा दिसला. बघायला नको होता.

अडतीस. सम्मेद मगदूम, दुधगाव.
वीसच्या वीस ठिकाणी 'कधीच नाही',
पट्टी लावून ओढाव्यात तशा खुणा.
एवढं बरं कुणालाच नसतं, सर.
मलासुद्धा नाही, आणि माझं तर सगळं झालंय,
पोरीचं लग्न, घरावर स्लॅब.

जूनमध्ये टेस्ट ट्यूब फोडली की हा पोरगा
स्वतः येऊन सांगायचा, मामा, पैसे भरतो.
दिवाळीनंतर फोडायचाच थांबला.
चांगलंय, म्हणाल तुम्ही.
पण काम करणारा हात काहीतरी फोडतोच.
हा शेजारच्याचं रीडिंग उतरवत बसतो,
अकरा पॉइंट चार, अकरा पॉइंट चार, अकरा पॉइंट चार.

दुधगावच्या एसटीतून त्याचा डबा येतो.
पाच वाजता व्हरांड्यात बसून
दिवस मावळायच्या आत जेवायचा.
आता मावळून जातो दिवस,
आणि डबा कडी न उघडता परतीच्या गाडीत बसतो.

तुम्ही शिकवता ना, गुलाबी रंग आधी नुसता चमकून जातो,
फ्लास्क हलवला की नाहीसा.
पोरं तेव्हा ब्युरेटकडं बघतात.
मी फ्लास्क धुणारा माणूस, मी फ्लास्ककडं बघतो.

नेहमी बघितलं असंही नाही.
सहा वर्षांमागं एकीनं ॲप्रन धुऊन, इस्त्री करून
माझ्या हातात दिला, मामा, कुणाला तरी होईल.
मी म्हटलं, शहाणी पोरगी.
तो अजून खुंटीला आहे. कुणाला देववला नाही.

काल गुरुवार. मी अडतीसला हाक मारली,
डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनला हात लाव जरा.
मागच्या जिन्यावर, दोघांच्या मध्ये वीस लिटर पाणी,
मी सरळच विचारलं. आडून बोलता येत नाही मला.
जगायचा कंटाळा आलाय का रे?

कॅन डचमळला.
खाली ठेवला त्यानं. पायरीवर बसला.
झोप लागत नाही मामा, म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
मग, घरी सांगू नका.
सांगणार नाही, असं मी म्हणालो नाही.
एकट्याला सोडणार नाही, एवढंच म्हणालो.

जमादार मॅडम गुरुवारीच येतात,
जिमखान्याच्या जुन्या खोलीत, जिथं अजून
चटयांचा आणि क्रिकेटच्या पॅडचा वास आहे.
बाहेर ही मोठी पाटी, समुपदेशन कक्ष.
अख्खं कॉलेज बघत असतं कोण शिरतंय.
म्हणून आम्ही कॅन घेऊनच गेलो, पाणी पोचवायला आल्यासारखे.
मॅडमनी कॅनकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं,
ठेवा इथंच, म्हणाल्या, आणि खुर्ची ओढली.

मी बाहेर बसलो. दोन तास झाले, घंटा झाली,
वरून कुणीतरी माझ्या नावानं ओरडत होतं. गेलो नाही.

आज तो आलाय. बरा झाला असं नाही.
संध्याकाळी मॅडम त्याच्यासमोरच वडलांना फोन लावणार आहेत,
काय बोलायचं ते दोघांनी मिळून कागदावर लिहिलंय.
सकाळी एक पिपेट फुटली त्याच्या हातून.
रजिस्टरला मी काही लिहिलं नाही. कापून घ्या माझ्याकडनं.

दोन गोष्टी मागायच्या होत्या.
ती पाटी काढा, सर. आणि त्या दारात
पिण्याच्या पाण्याचा पिंप ठेवा,
तहान लागलीय म्हणून कुणालाही जाता येईल.

गठ्ठा टेबलावर आहे. एकशे बारा.
सगळीकडं 'कधीच नाही' असे आणखी सात निघाले.
सुतळी सोडून ते वर काढून ठेवलेत.