अकरा सेकंद

औशाच्या दिलशाद टॉकीजमध्ये, बाल्कनीत,
मी माझ्या अकरा सेकंदांची वाट बघत बसले आहे.

चार महिने लागले होते त्यांना.
पुण्यात, सातव्या मजल्यावर, रात्रपाळीत
मी त्या उडणाऱ्या माणसाचे केस
हिरव्या पडद्यातून एकेक करून सोडवले.
आईला सांगितलं, गुंता काढते.
ती म्हणाली, अन् याचा पगार देतात?
देतात. उशिरा.

समुद्र फाटतो.
त्यातून ते जनावर वर येतं, येतच राहतं,
मान संपत नाही, पाठ संपत नाही,
आणि अंगावरून पाणी
धबाधबा, धबाधबा, मिनिटभर.
मागून कुणीतरी ओरडतं,
"आयला, केवढं पाणी वाया घालवायलेत!"
सगळं थेटर हसतं,
आणि हसता हसता गप्प होतं,
कारण त्यानं डोळा उघडलाय.

हा डोळा मला ठाऊक आहे.
शेजारच्या टेबलावर रेणापूरच्या वैजनाथनं केला,
मोबाईलमधला एक फोटो समोर ठेवून:
त्यांची म्हैस, व्याताना.
हजार हातांनी रचलेल्या त्या डोंगरात
तेवढीच जागा ओली आहे.
मला सगळं माहीत होतं, तरी काटा आला.
आपण इवलेसे आहोत हे अंधारात,
दोनशे माणसांच्या सोबतीनं कळणं
यात काहीतरी आहे. त्याला मी हसणार नाही.

मग शहर पडू लागतं.
टॉवर, टॉवर, पूल, पुन्हा टॉवर.
शेजारचं पोरगं पॉपकॉर्नच्या पिशवीत
तळाचे न फुटलेले दाणे शोधू लागतं.
हजारो खिडक्या आहेत,
एकीतही लुगडं वाळत नाही,
कुणाचं दूध उतू जात नाही.

मध्यंतरात गयासभाई भेटले.
ऑपरेटर, रिळांच्या काळापासूनचे,
आता नुसतं बटण दाबतात.
न पेटवलेली बिडी ओठात धरून म्हणाले,
"बेटी, तुमची धूळ लवकर बसते."
मी म्हटलं, धूळ माझ्याकडं नसते, गयासभाई,
तिचं डिपार्टमेंट वेगळं असतं.
ते म्हणाले, "भूकंपात आम्ही फावडे घेऊन किल्लारीला गेलो होतो.
पाचव्या दिवशीसुद्धा भाकरीत
दाताखाली यायची."
एवढंच.
चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

नंतर तो मरतो. पाऊस, व्हायोलिन, सगळं रीतसर.
पुढच्या रांगेत एक पोरगी हुंदके देऊ लागते.
भाऊ तिला कोपरानं ढोसतो,
"रडायलीस कामून? दुसऱ्या भागात येतंय की ते."
तिनं नाक पुसलं, कुरकुऱ्याची पुडी फोडली.
माझ्यापुरता सिनेमा तिथंच संपला,
तो पुढं पन्नास मिनिटं चालला तरी.

आणि त्या पन्नास मिनिटांत माझे अकरा सेकंद.
तो गच्चीच्या कडेला उभा. वारा. केस.
उजव्या कानामागची ती बट,
जिच्यापायी मी दिवाळीला घरी आले नव्हते.
शिट्टी वाजली!
केसांवर कोण शिट्टी मारतं,
तो उडाला म्हणून वाजली,
पण उडताना कडा कुठं फाटली नाही,
केसांभोवती हिरवी रेघ दिसली नाही,
कुणालाच काही दिसलं नाही.
हेच तर माझं काम होतं.

शेवटी नावं येतात. मोहरीएवढी, हजारोंनी.
एरवी गयासभाई ती कापतात, वीज वाचते.
आज चालू ठेवली.
लोक जिना उतरत होते, गाड्यांना किक मारत होते,
आणि मी वाचत होते,
वैजनाथचं सापडलं, माझ्या नावाची ओळ आली
तेवढ्यात दिवे लागले.

"पाय वर घे, माय," चतुराबाई झाडू घेऊन म्हणाल्या.
मी घेतले.
खालून शेंगांची टरफलं गेली.