सध्यापुरतं

कमरेच्या वर पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी पाटी :
एल्डर खोब्रागडे.
कमरेखाली बर्मुडा.
कॅमेऱ्याला अर्धाच मिशनरी दिसतो,
उरलेला अर्धा कूलरपुढे पाय पसरून
इंदोऱ्यात बसलेला असतो.

व्हिसा येईस्तोवर शाळा घरूनच.
मेक्सिकोत सकाळचे सात
म्हणजे आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा,
पिल्लेवानकाकूंच्या कुकरची तिसरी शिट्टी,
आणि पडद्यावर एर्माना ओचोआ : बुएनोस दियास!
मी रोज दिवेलागणीला सुप्रभात म्हणतो.
माझ्या आडनावातला ख त्यांना पहिल्याच दिवशी जमला.
ड वर मात्र जीभ घसरते त्यांची,
जशी माझी त्यांच्या दुहेरी र वर.

जोडीदाराला नजरेआड करायचं नाही, असा नियम.
माझा जोडीदार एल्डर तुइलागी सामोआत,
तिथे रात्रीचे दोन, तेही उद्याचे.
पाणी प्यायला उठलो तरी
लॅपटॉप कडेवर घेऊन जातो,
तो जांभई देत आमचा माठ बघतो.

काकू खिडकीतून :
"काऊन रे, टाय बांधून पोट्टी पाहाले चालला का?
घे, चहा घे."
चहा नको म्हणायला नागपुरात जेवढी छाती लागते
तेवढी तिकडे अनोळखी दार ठोठावायला
लागणार नाही बहुतेक.

बाबा कळमन्याहून येतात,
हाताला मृगाच्या शेवटच्या संत्र्यांचा वास.
देवाबिवाच्या भानगडीत ते पडत नाहीत.
बूट काढता काढता परीक्षा घेतात :
"पाण्याले काय म्हन्तेत तिकडं?"
आग्वा.
"पाण्याले आग?
मंग तहान कशी भागते बाप्पा त्याईची!"
संत्र्याला नारान्हा म्हणतात, मी सांगतो.
ते थांबतात. दुसरा बूट हातात.
"नारिंगच की हे. इथूनच गेलं असंन,
भाडं कोनं देल्लं काय मालूम."

काल 'आहे' शिकवलं.
त्यांच्याकडे 'आहे' दोन.
एक कायमचं, एक सध्यापुरतं.
मी खोब्रागडे आहे : कायमचं.
मी दमलो आहे, कूलर बंद आहे, बाबा चिडले आहेत :
सध्यापुरतं.
वहीत मधोमध रेघ मारून मी दोन रकाने केले
आणि न विचारता उजवीकडचं एक वाक्य
डावीकडे लिहून टाकलं :
माझी बहीण मेली आहे.

प्रणोती. सिकलसेल. अकरावीत होती.

एर्माना ओचोआंनी वाचलं.
जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज, त्यांच्याकडचा की आमच्याकडचा कोण जाणे.
मग म्हणाल्या, वाक्य बरोबर आहे, एल्डर,
रकाना चुकला.
मेलेल्यांना आम्ही दुसरं लावतो. एस्ता.
का, ते व्याकरणाला विचारू नका.
तुइलागी पूर्ण जागा झाला होता.
मी खोडरबर शोधला, मिळाला नाही,
मग बाण काढला.

दीडला वर्ग सुटला.
आई स्वयंपाकघरात जागीच,
उद्याच्या सदऱ्याची कॉलर घासत.
तिला सांगितलं.
मला वाटलं रडेल, किंवा प्रार्थना करू म्हणेल.
तिनं हात पुसले पदराला,
म्हणाली, शब्द पुन्हा म्हण.
एस्ता.
हळू म्हण.
एस्-ता.

आणि कॅलेंडरवरची पेन्सिल काढून
दुधाच्या हिशेबाशेजारी,
नाग्याच्या दिवसाच्या चौकोनात,
मराठी अक्षरांत तिनं तो उतरवून घेतला,
जसा एखाद्या लांबच्या नातेवाइकाचा
नवा नंबर.