टाकीवरची राखण

विझली म्हणू नका, साहेब म्हणाले,
ही चीत होत नाही, फक्त दम खाते.

म्हणून बावड्याच्या केंद्रामागं
लोखंडी टाकीत बुडवलाय
दस्तगीर बागवानाच्या रिक्षाचा बॅटरी पॅक,
आणि मी खुर्ची टाकून बसलोय.
दर अर्ध्या तासाला वहीत आकडा.
एक्केचाळीस. एकोणचाळीस.
तीन वाजता पुन्हा चव्वेचाळीस.

बावीस वर्षं विझवत आलो:
गुऱ्हाळं, पिंजराच्या गंजी,
उद्यमनगरातली तेलाची पिंपं.
त्या आगींचा गळा सापडायचा.
हवा तोडली की संपल्या.
हिला बाहेरची हवा लागतच नाही.
एक सेल तापतो, शेजारच्याच्या कानाला लागतो,
तो त्याच्या शेजारच्याच्या.
काल पावडर मारली,
ती वरच बसली, अक्षतांसारखी.

पहाटे दस्तगीर आला, दोन चहा घेऊन.
"अजून सात हप्ते हायत," म्हणाला,
माझ्याकडं नाही, पाण्याकडं बघत.

तळातून एक बुडबुडा वर आला.
दोघंही मागं सरलो.
मग हसलो, जरा लाजून.
चहा निम्मा सांडला होता.

पाच वीस. छत्तीस.
शेऱ्याच्या रकान्यात पेन अडलं.
'विझली' लिहायला मनाई.
लिहिलं:
झोपल्यासारखी वाटते.