मुदतवाढ

डोंगरीतला एसी दुरुस्त करणारा.
नाव लिहायचं नसतं, नंबर लिहायचा.
भायखळ्याच्या आमच्या बिनखिडकीच्या खोलीत
तो रोज सकाळी माझ्या कानात खाकरतो.

"दोन सिलिंडर आण, गॅस उद्याच भरायचाय."
मी ओळ अधोरेखित केली.
साहेब म्हणाले, मॅडम, तो एसीवालाच आहे ना?
म्हटलं, हो. म्हणूनच.

साठ दिवस भरले की कागद वर जातो.
'राष्ट्रीय सुरक्षेच्या हितार्थ' आधीच छापलेलं,
फक्त तारीख हातानं.

जुवेरियाला दिवस गेल्याचं
त्याच्या आईआधी मला कळलं.
पाचव्या महिन्यात, रात्री अडीचला,
मेव्हण्याला फोन लावून
तो नुसताच श्वास घेत राहिला.
मी टाइप केलं: संभाषण नाही.
एक मिनिट चाळीस सेकंद.

ऐकणं बंद करा, असं मी म्हणणार नाही.
माझ्या खांद्यात शेंगदाण्याएवढा छर्रा आहे.
त्याच्या आदल्या रात्री
कुणीतरी कुणाला तरी 'उद्या' म्हणालं असेल,
आणि हेडफोन खुंटीला असेल.

परवा कागद सहीविना परत आला.
लाइन बंद.
आता मेथी निवडताना शेजारी कुणी खाकरलं
तरी मान वळते.
तिची तब्येत कुणाला विचारू?

दारातलं यंत्र रोजच्यासारखं माझ्यावर वाजतं.
पहारेकरी नवा आहे. हात वर, म्हणतो.
करते.
काय आहे आत, विचारतो.

ते मात्र सांगत नाही.